स्मरणार्थ नव्हे

भोपाळच्या सोनागिरीतल्या मराठी मंडळाच्या सभागृहात वारासुद्धा कुणाच्या तरी स्मरणार्थ येतो. छताच्या प्रत्येक पंख्याच्या पात्यावर लाल रंगात एक नाव लिहिलेलं आहे. पंखा बंद असला की ते वाचता येतं, सुरू झाला की त्या माणसाचं एक फिकट गुलाबी वर्तुळ होतं. पाण्याच्या कूलरवर नाव आहे, खुर्च्यांच्या पाठींवर नावं आहेत. चपला ठेवायच्या रॅकवरही कुणा सद्गृहस्थांचं नाव आहे आणि त्यांच्या अंगावर दर कार्यक्रमाला धुळीचे जोडे चढतात.

वैजयंतीबाई आष्टीकर लग्न होऊन सोनागिरीत आल्या तेव्हापासून या सभागृहात वावरत होत्या, पण मान वर करून ही नावं त्यांनी कधी वाचली नव्हती. त्यांचं लक्ष खाली, पानांवर असे. मंडळाच्या गणपतीची पंगत, कोजागिरीचं दूध, संक्रांतीचं हळदीकुंकू, कुठलंही खाणंपिणं असो, पदर खोचून दारात उभ्या असायच्या त्या वैजयंतीबाईच. कुठल्या रांगेत कढी पोचली नाही आणि कुठल्या पानावर लिंबाची फोड राहिली हे त्यांना लांबूनच दिसायचं.

त्यांचा जन्म टी. टी. नगरमधल्या सरकारी क्वार्टरातला. वडील सचिवालयात कारकून. नागपूरची राजधानी उठली आणि भोपाळ नवी राजधानी झाली, तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर कारकूनही इकडे आले. आम्हाला कोणी विचारून आणलं नाही, पेट्यांबरोबर चढवलं, असं ते शेवटपर्यंत म्हणत. न विचारता केलेल्या गोष्टींची चीड वैजयंतीबाईंकडे बहुधा तिथूनच आली असावी. लग्न झालं ते सोनागिरीजवळच्या मोठ्या कारखान्यातल्या सुधाकर आष्टीकरांशी. मशीन शॉपमधला माणूस, आर्वीकडचा, बोलायला गमत्या. मंडळाच्या पंगतीत भात वाढायचं काम त्यांचं. डाव्या हातावर परात तोलून ते रांगेतून असे चालत, की वाटीनं पाडलेली भाताची मूद पानावर उतरताना एक शीत इकडचं तिकडे होत नसे. दुसऱ्या फेरीला वडे घेऊन आले की मग त्यांचा खरा अवतार. अध्यक्ष असो की नवा जावई, त्यांच्या आग्रहातून कोणी सुटत नसे. लोक दोन्ही हात पानावर आडवे धरून विनवण्या करत आणि हे बोटांच्या फटीतून वडा सोडत.

जेवण हॉटेलातही मिळतं, आग्रह मंडळातच मिळतो, असं वैजयंतीबाई म्हणायच्या. तेव्हा ते कौतुकानं म्हटलेलं वाक्य होतं.

मग सुधाकररावांची पाठ दुखायला लागली. एका डॉक्टरांनी मणका सांगितला, दुसऱ्यांनी गॅस. पँट कमरेतून सैल होत होती आणि पोट मात्र एका बाजूनं घट्ट. गाठ आहे हे कळलं तेव्हा तिला नाव सापडेना. एका तपासणीत एक निघालं, दुसरीत दुसरं, आणि प्रत्येक ठिकाणी टेबलापलीकडचा माणूस तोच शब्द म्हणायचा, दुर्मीळ. हा शब्द वैजयंतीबाईंनी तोवर हिऱ्यामाणकांसाठी आणि पोस्टाच्या तिकिटांसाठी वापरलेला ऐकला होता. आता त्यांना त्याचा अर्थ कळला. ज्या आजाराची कुणालाच घाई नाही, तो दुर्मीळ.

घाई केली ती टी. टी. नगरच्या बाजारामागे दोन खोल्यांत चालणाऱ्या ‘सोबत’ नावाच्या संस्थेनं. नेहमीच्या यादीत न बसणारे कर्करोग झालेल्या लोकांसाठी काम करणारी ही मंडळी. गाठीचा तुकडा पुन्हा तपासायला मुंबईला कसा पाठवायचा, कुणाला दाखवायचा, उतरायचं कुठे, सगळं त्यांनी बघितलं. मुंबईहून नाव आलं, सार्कोमा. शस्त्रक्रिया झाली. सगळी गाठ निघाली नाही, उरलेली गोळ्यांवर धरून ठेवली होती. सुधाकरराव घरी आले ते निम्मे होऊन, पण आले. सकाळी पेपर वाचत होते, दूधवाल्याशी भांडत होते, गच्चीच्या जाळीवर वालाचा वेल चढवत होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिक्सर उघडून बसत होते.

सोनागिरीला मात्र हे पटलेलं दिसत नव्हतं. सुरुवातीला लोक रांगेनं बघायला आले, मग येईनासे झाले. वैजयंतीबाई भाजी घ्यायला गेल्या की बायका आवाज खाली आणून विचारायच्या, कसे आहेत, आणि उत्तर यायच्या आधीच मान हलवायच्या. एकदा किराणा दुकानात एका बाईंनी सुस्कारा सोडला, ‘फार हौशी होते हो.’ वैजयंतीबाईंनी तिथेच पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं, की ते आत्ता घरी बसून मटार सोलताहेत, निम्मे खाताहेत. बाई ओशाळल्या. पण पुढच्या आठवड्यात त्याच बाई दुसऱ्या कुणाला तेच म्हणताना ऐकू आल्या. सुधाकररावांनी मंडळात जाणं सोडलं. विचारलं तर म्हणायचे, थंडी आहे. तेव्हा एप्रिल चालू होता.

म्हणून हिवाळ्यात वैजयंतीबाईंनी ठरवलं, की ‘सोबत’साठी मंडळात नागपुरी वडाभाताची पंगत घालायची. कुपनं काढायची, जे जमेल ते संस्थेला द्यायचं. विदिशा-रायसेनकडच्या खेड्यांतून नाव नसलेल्या गाठी घेऊन माणसं येत होती आणि त्या गाठींचे तुकडे मुंबईला पाठवायला संस्थेला हातभार हवा होता. वडाभात म्हटल्यावर भोपाळभरचे नागपूरवाले येणार यात शंका नव्हती. आणि एक गोष्ट वैजयंतीबाईंनी कुणालाच सांगितली नाही. पंगत असली की भात वाढायला सुधाकररावांना बाहेर पडावं लागेल. लोकांना एकदा दिसू दे परात हातात घेतलेला माणूस.

त्यांनी घरी विचारलं तेव्हा सुधाकरराव त्यांच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, परात हलकी असेल तर वाढतो.

कार्यकारिणीनंही एका बैठकीत होकार दिला. इतक्या लवकर होकार मिळाल्यावर खरं तर वैजयंतीबाईंनी सावध व्हायला हवं होतं. पण त्या डाळींच्या मागे लागल्या. वडाभाताच्या वड्यांना डाळी जाडसर वाटाव्या लागतात, आणि जाडसर म्हणजे किती यावर नागपुरातल्या दोन घरांचं एकमत नसतं.

जानेवारीतल्या एका दुपारी त्या स्वयंपाकघरात नमुन्याचे वडे तळत होत्या. बेल वाजली. बाहेरच्या खोलीत सुधाकरराव शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसले होते. मफलर, स्वेटर आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर, तसेच उठून त्यांनी दार उघडलं.

दारात प्रमिला देशकर. टी. टी. नगरपासूनची वैजयंतीबाईंची मैत्रीण, आता कोलार रोडला मुलाकडे राहायची. शहराच्या त्या टोकाहून ऑटो बदलत आली होती. पांढरी साडी, बारीक काठ, हातात नुसती छोटी पिशवी. एरवी तिळगुळाचा डबा घेतल्याशिवाय न येणारी बाई. सुधाकररावांना बघितल्यावर तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकली.

‘या या, प्रमिलाताई,’ सुधाकरराव म्हणाले. ‘एवढ्या लांबून? बसा. अगं वैजू, चहा टाक.’

प्रमिला खुर्चीच्या कडेवर बसली. चहा आला तसा तिनं कप उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. ज्या घरी भेटायला म्हणून आलं तिथे चहा घेत नाहीत. पण ज्यांच्यासाठी भेटायला आलं ते समोर बसून बशीत ओतून पीत असतील तर काय करायचं, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी तिनं पिशवीतून मोबाइल काढला आणि काही न बोलता वैजयंतीबाईंच्या हातात दिला.

मंडळाच्या ग्रुपवरून आलेलं पंगतीचं आमंत्रण होतं. डाळींच्या नादात वैजयंतीबाईंनी दोन दिवस ग्रुप उघडलाच नव्हता. मधोमध सुधाकररावांचा फोटो, निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात झेंडूचा हार. कोपऱ्यात तेवती समई. आणि खाली ठसठशीत अक्षरात, सुधाकर आष्टीकर यांच्या स्मरणार्थ वडाभाताची पंगत. हार घातलेला फोटो, पंगत आणि वडे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आपल्या माणसांना दुसरा अर्थ लागत नाही.

 मोबाइल लपवावा असं वैजयंतीबाईंना वाटेपर्यंत सुधाकररावांनी तो घेतला होता. डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी सगळं शांतपणे वाचलं.

‘फोटो चांगला निवडलाय,’ ते म्हणाले. ‘हार खऱ्या झेंडूचा होता. संध्याकाळपर्यंत मान खाजत होती.’

प्रमिलाला हसू आलं आणि त्याच हसण्याचं रडू झालं. आपण काल रात्री जेवलो नाही, असं ती पुन:पुन्हा सांगत राहिली. निघताना ती उंबऱ्यात अडखळली. अशा घरून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत. ती नुसतीच उभी राहिली, चपलेत पाय घालून.

सुधाकररावांनी ते ओळखलं. ‘येते म्हणा, ताई. इथून अजून म्हणता येतं.’

ती ‘येते’ म्हणाली आणि जिना उतरली.

दार लावल्यावर सुधाकरराव पुन्हा मिक्सरपाशी जाऊन बसले. स्क्रू टेबलावर पसरलेले होते. ते त्यांनी एका वाटीत गोळा केले. मग मान वर न करता म्हणाले, की पंगतीला ते यायचे नाहीत.

‘माझं सगळं त्यांनी उरकलंय. आता मधेच उठून कशाला बसू?’

वैजयंतीबाईंनी गॅस बंद केला, शाल घेतली आणि चालत मंडळात गेल्या. संध्याकाळी कार्यकारिणीची पंगतीसाठीच बैठक होती. त्या आत शिरल्या तशी सगळ्यांनी खुर्च्या सरकवून जागा केली, पण त्या बसल्या नाहीत. आपला मोबाइल उघडून, आमंत्रण दिसेल असा, त्यांनी टेबलावर ठेवला.

सचिव दिलीप चटकन उठला. चाळिशीतला, कामसू, मंडळाच्या सगळ्या धावपळीचा धनी. त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं. ‘काकू, सॉरी. एकदम गलतीनं गेलं ते. आपला फॉर्मॅटच तसा आहे न. देणगीचं काही असलं की तोच टाकतो, फोटो बदलतो, नाव बदलतो. आजवर कोणी कंप्लेंट नाही केली.’

कोण करणार होतं, असं वैजयंतीबाईंच्या मनात आलं.

अध्यक्ष अंबरीश मुळे मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा, की नकारसुद्धा मऊ कापडात गुंडाळून हातात यावा. त्यांनी चूक आधी सविस्तर मान्य केली. नवं आमंत्रण उद्याच्या उद्या जाईल म्हणाले. पण वहिनींनी एका बाजूचा विचार करावा. हे आमंत्रण गेल्यापासून कुपनांना जी मागणी आली तशी कधीच आली नव्हती. गेलेल्या माणसासाठी लोक हात सैल सोडतात, जिवंत माणसासाठी मागितलं की शंका काढतात. तेव्हा नाव आणि फोटो काढू, पण ‘एका सत्कार्यासाठी’ एवढंच लिहू. कर्करोग हा शब्द जेवणाच्या आमंत्रणावर बरा दिसत नाही. लोक मुलंबाळं घेऊन येतात.

‘आणि दुसरं असं, वहिनी,’ ते खुर्चीत पुढे सरकले, ‘भात वाढायचं सुधाकररावांवर नको टाकू या. त्यांना त्रास. शिवाय त्यांना तसं बघून लोकांना घास उतरायचा नाही. समजून घ्या.’

वैजयंतीबाईंनी शाल सावरली. ती संधी साधून दिलीप चाचरत म्हणाला, की अजून एक प्रॉब्लेम आहे. काका आहेत हे कळल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलंय. स्मरणार्थ नसेल, तर कुपन परत घेणार का?

क्षणभर वैजयंतीबाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग कळलं, की नीटच ऐकलं. माणूस मेला म्हणून उघडलेली पाकिटं, तो जिवंत निघाला म्हणून पैसे परत मागत होती. त्यांनी मान वर केली. हिवाळा होता, सगळे पंखे थांबलेले होते. डोक्यावरच्या पात्यावर त्यांना नाव दिसलं, रत्नप्रभा खोत.

‘रत्नप्रभाताई मागच्या गल्लीत राहायच्या,’ त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. ‘शेवटी किती दिवस खाटेवर होत्या. खिडकीतून इथल्या पंगतीचा आवाज ऐकायच्या. इथून एक ताट गेलं का कधी त्यांच्याकडे?’

‘वहिनी, तेव्हा मी अध्यक्ष नव्हतो.’

‘मुलानं पंखा दिला तेव्हा होतात. हार तुम्हीच घातलात. पंख्याला.’

 दिलीपनं टेबलावरचा मोबाइल उलटा करून ठेवला.

‘आमच्या घरून तुम्हाला पंखा मिळायचा नाही, मुळेसाहेब,’ वैजयंतीबाई म्हणाल्या. ‘माणूस आहे. घ्यायचा तर तो घ्या.’

मग त्यांनी सांगितलं, की पंगत होईल आणि आमंत्रणावर कर्करोग हा शब्द पूर्ण लिहिला जाईल. ज्यांना कुपन परत करायचं असेल त्यांनी आष्टीकरांच्या घरी यावं. सुधाकरराव स्वतः दार उघडतील, चहा पाजतील आणि पैसे हातात देतील. एवढं बोलून त्या निघाल्या. रॅकवरून घाईनं चपला काढताना त्यांची उजवी चप्पल डाव्या पायात गेली.

कुपन परत करायला कोणी आलं नाही. एकदा जिन्यात पावलं वाजली, बेलपाशी थांबली आणि पुन्हा खाली गेली.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाकरराव गच्चीत वालाच्या शेंगा तोडत होते. ऊन कोवळं होतं, मफलर सुटून खांद्यावर आला होता. वैजयंतीबाईंनी दाराआडून त्यांचा फोटो काढला. तो दिलीपला पाठवला आणि फोनवरून शब्दन् शब्द सांगितला. समई नको, हार नको. दुर्मीळ कर्करोगाच्या रुग्णांसोबत उभ्या राहणाऱ्या ‘सोबत’ संस्थेसाठी वडाभाताची पंगत. भात वाढणार सुधाकर आष्टीकर. दुपारच्या आत ते सोनागिरीपासून कोलार रोडपर्यंत सगळ्या ग्रुपांवर गेलं. वैजयंतीबाईंना कितीतरी दिवसांनी भूक लागली.

सुधाकररावांनी ते बघितलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

‘मला विचारलंस?’

वैजयंतीबाईंनी तावातावानं सांगायला सुरुवात केली, मुळे काय म्हणाले, दिलीप काय म्हणाला, कुपनांचं काय झालं. त्यांनी मध्येच थांबवलं.

‘त्यांनी मला न विचारता झोपवलं. तू न विचारता उभं केलंस. परात उचलली की इथे ओढतं, वैजू,’ त्यांनी पोटावर हात ठेवला. ‘मी हो म्हणालो ते तुझ्या तोंडाकडे बघून.’

ते गच्चीवर निघून गेले. तव्यावरची पोळी करपली तरी वैजयंतीबाईंनी उलथनं उचललं नाही. आपला संताप खरा होता, अजूनही खराच होता. पण तो मंडळाच्या अंगावर धावून जाताना वाटेत एका माणसाला तुडवून गेला होता, आणि तो माणूस आपल्याच घरातला होता. ज्या गोष्टीसाठी त्यांचे वडील जन्मभर कुरकुरले तीच त्यांनी नवऱ्याच्या बाबतीत केली होती. पेट्यांबरोबर चढवलं होतं.

संध्याकाळी त्यांनी एवढंच सांगितलं, की यायचं नसेल तर येऊ नका. भात मी वाढीन, कोणी विचारलं तर सांगेन. ते ‘बरं’ म्हणाले आणि मिक्सरचं झाकण बसवायला लागले.

रविवारी मंडळाच्या अंगणात हिंगाच्या फोडणीचा वास पार गेटबाहेर जात होता. माणसं आली, अपेक्षेपेक्षा जास्त आली. काही वडाभातासाठी, काही संस्थेसाठी, आणि काही नुसतीच बघायला, हे त्यांच्या माना वळवण्यावरून वैजयंतीबाईंना कळत होतं. ‘आष्टीकर कुठायत?’ असं तीनचार जणांनी विचारलं. त्यांना बरं वाटत नाही, असं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं, कारण ते ऐकून लोकांच्या चेहऱ्यावर जे येत होतं ते हळहळीपेक्षा समाधानाच्या जास्त जवळ होतं. आम्ही म्हणत नव्हतो?

पहिली पंगत बसली. म्हाताऱ्या माणसांसाठी टेबलांची एक रांग होती, तिथे प्रमिला बसली होती, आज जांभळ्या साडीत. पत्रावळींवर मीठ, लिंबू, तळलेली मिरची वाढून झाली. वैजयंतीबाईंनी परात उचलली, आणि गेटमधून सुधाकरराव आत आले.

एकटेच, सावकाश, मफलर कानांवरून घट्ट बांधलेला. त्यांनी चपला काढल्या, वाकायला नको म्हणून पायानंच रॅकच्या खाली सरकवल्या, आणि कुणाकडे न बघता प्रमिलाच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. समोरची पत्रावळ त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली. परातीच्या दिशेनं त्यांनी पाहिलंही नाही. वाढायला नाही, जेवायला आलो आहे, हे त्यांनी न बोलता सांगितलं होतं.

अंगणातली बडबड खाली आली. दिलीप वड्यांचं ताट घेऊन निघाला होता. तो प्रत्येकाला दोन वडे घालत होता, घ्या हो घ्या म्हणत होता. प्रमिलापाशी त्यानं बराच वेळ लावला, तिला तिसरा घ्यायलाच लावला. सुधाकररावांच्या पानापाशी आला आणि त्याचं घ्या हो घ्या थांबलं. त्यानं ताटातला सगळ्यांत छोटा वडा शोधून अलगद ठेवला आणि घाईनं पुढे सरकला. मागून कढीवाला आला. त्यानं वाकून प्रमिलाला विचारलं, काकांना चालते का कढी?

वैजयंतीबाईंना परातीवरून ते सगळं दिसलं. पानावर नैवेद्य ठेवतात तसा एकच वडा. नैवेद्याला आग्रह करत नाहीत. त्यांच्या तोंडाशी शब्द आले, पाऊल पुढे पडलं, आणि तिथेच त्या थांबल्या. पान त्यांचं नव्हतं.

‘दिलीप,’ सुधाकररावांनी हाक मारली.

दिलीप परत आला.

‘प्रमिलाताईंना चारदा विचारलंस. मला एकदापण नाही. काहून?’

‘काका, तुम्हाला… म्हटलं जड होईल.’

‘ते मी बघीन. तू आग्रह कर.’

दिलीपनं ताट खाली आणलं. मग पुटपुटला, ‘घ्या ना काका, एक वडा.’

‘हा आग्रह? दवाखान्यात गोळी देतात याच्यापेक्षा प्रेमानं.’

रांगेत कुणीतरी हसलं. दिलीपचे कान लाल झाले. त्यानं वडा उचलला. ‘एकच घ्या काका. गरम आहे.’

‘नको.’

‘अर्धा तरी. काकूंनी स्वतः तळलेत.’

‘नको रे बाप्पा. तिचेच तर खातो रोज.’

‘माझ्यासाठी, काका. मी इतका मोठा गाढवपणा केला, एक वडा नाही घेणार?’

तो आता खरोखरच वाकला होता, वडा पानावर आणत होता, आणि सुधाकररावांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. काड्या झालेले हात, सुयांच्या जागी अजून निळसर डाग. पण धरले अगदी तसेच, जसे लोक वर्षानुवर्षं त्यांच्यापुढे धरत आले होते.

‘पुरे,’ ते म्हणाले, अंगणभर ऐकू जाईल असं. ‘पुरे म्हणजे पुरे.’

पलीकडच्या टेबलावरून कारखान्यातला कोणी जुना सोबती ओरडला, ‘सोडू नकोस त्याला दिलीप, यानं मला आयुष्यभर छळलंय.’ मग कढीवाला परत आला, पापडवाला आला, लिंबूवाली मुलगीही आली, आणि प्रत्येकाला सुधाकरराव हात आडवे धरून पुरे म्हणत राहिले, पुरे, पुरे, मान मागे टाकून हसत. आजारी पडल्यापासून लोकांनी त्यांना सगळं दिलं होतं, फळं, सल्ले, सुस्कारे. नको म्हणायची संधी तेवढी कुणी दिली नव्हती.

अंबरीश मुळे वैजयंतीबाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले. बघा वहिनी, किती छान झालं, म्हणाले. मला खात्रीच होती. मग आवाज आणखी मऊ करून म्हणाले, की ‘सोबत’च्या खोलीत मंडळातर्फे एखादी पाटी लावू, सुधाकररावांच्या नावाची. आज ना उद्या लागेलच.

वैजयंतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाला काही कळलेलं नव्हतं आणि बहुतेक कधी कळणारही नव्हतं. पोटातला राग होता तिथेच होता, जाडसर डाळीसारखा, आणि तो इतक्यात मऊ व्हायचा नव्हता. त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

‘परात धरा,’ त्या म्हणाल्या.

‘अं?’

‘भात वाढायचाय. जड आहे. दोन्ही हातांनी धरा.’

अवर सचिव म्हणून निवृत्त झालेल्या मुळेसाहेबांनी परात धरली. गरम होती, त्यांनी तोंड वाकडं केलं, पण रांगेसमोर खाली ठेवता येईना. वैजयंतीबाईंनी वाटी घेतली आणि दोघं टेबलांच्या रांगेतून निघाले. एकेक मूद उतरत गेली. प्रमिलाचं पान झालं.

सुधाकररावांचे हात अजून पानावर आडवेच होते, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं. त्यांनी वर पाहिलं. वैजयंतीबाईंच्या हातात वाटी होती आणि सगळं अंगण बघत होतं. आयुष्यभर वैजयंतीबाईंनी कुणाचं पान आग्रहाशिवाय सोडलं नव्हतं.

‘भात?’ त्यांनी विचारलं. एकदाच.

 सुधाकररावांनी पानावरचा एक हात उचलला, मुदीपुरती जागा झाली.